हिरोज ३ शॅडो ऑफ डेथ: रीइन्स्टॉल करूनही सेव्ह गायब आणि तेच जुने घोळ परत, विंडोज १० आणि ११ वर

आधी लक्षणं सांगतो, तुमची जुळली तर पुढं वाचा, नाहीतर वेळ घालवू नका. गेम हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३, पाळीपाळीने खेळायचा जुना डावपेचांचा गेम, एक्सपान्शन म्हणजे जोडभाग शॅडो ऑफ डेथ किंवा सगळं एकत्र असलेली कम्प्लीट, आणि मशीन विंडोज १० किंवा ११. इन्स्टॉल नीट होतं, गेम चालतोसुद्धा, पण नकाशा सरकवताना अडखळतो, आल्ट टॅब केलं की कधीकधी काळा स्क्रीन, आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे काल रात्री केलेला सेव्ह आज लोडच्या यादीत नाहीच, किंवा ऑटोसेव्ह उघडावा तर भलताच, सहा महिन्यांपूर्वीचा डाव समोर येतो. वैतागून अनइन्स्टॉल करता, परत टाकता, आणि सगळे घोळ जिथल्या तिथं. जणू गेम काढलाच नव्हता.

माझं हे दर दिवाळीला व्हायचं. मामाकडे जमलो की आम्ही चार जण हॉटसीट खेळतो, म्हणजे लॅपटॉप एकच, आपली पाळी संपली की उठायचं, पुढच्याला खुर्ची द्यायची आणि बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करून फराळ खायचा. एका वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन वाजेपर्यंत खेळलो, महिना दुसरा आठवडा तिसरा, मामेभावाकडं एंजेलिक अलायन्सचे, म्हणजे तुकडे जोडून होणाऱ्या एका जबरी वस्तूचे, सहापैकी पाच तुकडे जमले होते, फक्त सँडल्स राहिल्या होत्या, आणि मी अर्थातच हरत होतो. सकाळी सगळे उठायच्या आत म्हटलं नकाशा अडखळतोय त्याचं काहीतरी करू, म्हणून आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये, जो जुने प्रोग्राम नव्या विंडोजवर चालवायला असतो, दिसेल ती टिक मारली. दुपारी जेवून बसलो तर सेव्ह नाही. यादी कोरी. मामेभावाने माझ्याकडं जे बघितलं ना, ते अजून आठवतंय, कारण घरात सगळ्यात लवकर उठलेला मी, कॉम्प्युटरमधलं कळणारा मी, आणि हरणाराही मीच. तीन वर्षं ‘तूच उडवलास’ ऐकून घेतलं. मग एकदा शांतपणे बसून कारण शोधलं तेव्हा कळलं की सेव्ह उडलेला नव्हताच, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती पण ती डिलीट करण्याची नव्हती, ती टिक मारण्याची होती.

झालं असं. शॅडो ऑफ डेथ आलं २००० साली. तो विंडोज ९८ चा जमाना, तेव्हा प्रत्येक गेम स्वतःच्याच फोल्डरमध्ये बिनधास्त लिहायचा, कुणाला विचारायची पद्धतच नव्हती. हा गेमसुद्धा सेव्ह आपल्या फोल्डरच्या आत गेम्स नावाच्या सबफोल्डरमध्ये ठेवतो. पुढं विंडोज व्हिस्टा आल्यापासून प्रोग्राम फाइल्समध्ये, म्हणजे जिथं प्रोग्राम इन्स्टॉल होतात त्या फोल्डरमध्ये, साध्या प्रोग्रामने काही लिहायचं नाही असा नियम झाला, पण मग असे हजारो जुने प्रोग्राम बंद पडले असते म्हणून विंडोजमध्ये एक पळवाट ठेवली. जुन्या ३२ बिट प्रोग्रामने प्रोग्राम फाइल्समध्ये फाइल लिहायला घेतली की विंडोज त्याला ‘हो, लिहिली’ असं सांगतं आणि फाइल गुपचूप तुमच्या युजर फोल्डरमधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या जागी नेऊन ठेवतं. पुढच्या वेळी गेमने यादी मागितली की दोन्हीकडच्या फाइल्स एकत्र करून दाखवतं. गेमला यातलं काही कळत नाही, आणि तुम्हालाही नाही.

सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे हे. पार्सलवाल्याला वर सोडत नाही, पण पार्सल परतही पाठवत नाही, केबिनमध्ये ठेवून घेतो आणि तुम्ही आलात की हातात देतो. तोपर्यंत सगळं सुरळीत. पण एक दिवस तुम्ही सेक्रेटरीबरोबर मागच्या गेटने थेट वर गेलात तर वॉचमन भेटतच नाही, आणि घरात जाऊन बघता तर पार्सल नाही. रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे हे मागचं गेट. ॲडमिन म्हणून चालवलेल्या गेमला ही पळवाट लागूच होत नाही, त्याला खरा प्रोग्राम फाइल्स दिसतो, तो तिथंच लिहितो आणि तिथंच वाचतो. त्यामुळं साध्या मोडमध्ये केलेले सगळे सेव्ह ॲडमिन मोडमध्ये अदृश्य.

उलट दिशेला मात्र दिसतात, आणि म्हणूनच हे प्रकरण इतकं चक्रावून टाकतं. ॲडमिनमध्ये केलेले सेव्ह साध्या मोडमध्ये यादीत येतात, कारण तिथं दोन्ही जागा एकत्र दाखवल्या जातात. पण दोन्हीकडं एकाच नावाची फाइल असेल तर व्हर्च्युअलस्टोअरमधली जिंकते. आता दोन्हीकडं हमखास एकाच नावाने असणारी फाइल कोणती? ऑटोसेव्ह. म्हणजे तुम्ही आठवडाभर ॲडमिन मोडमध्ये खेळलात, मग कुणीतरी टिक काढली, आणि ऑटोसेव्ह उघडला तर मे महिन्याच्या सुट्टीतला डाव. ताजा ऑटोसेव्ह आहे, शाबूत आहे, फक्त जुन्याच्या मागं लपलाय. या एका गोष्टीपायी मी लोकांना हार्ड डिस्क खराब झाली असं म्हणताना ऐकलंय.

तर पहिली गोष्ट, सेव्ह दिसत नसेल तर अनइन्स्टॉल करू नका. आधी विंडोज आणि आर दाबून जी पट्टी येते तिच्यात लोकल आणि ॲपडेटा हे दोन इंग्रजी शब्द सलग, मधे जागा न सोडता टाइप करा, आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह लावा, एंटर. फोल्डर उघडेल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर, त्यात प्रोग्राम फाइल्स, ६४ बिट विंडोजवर एक्स८६ लिहिलेला, त्यात तुमचा गेम, त्यात गेम्स. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिथं एकेचाळीस फाइल्स होत्या, चार वर्षांच्या, सगळ्या इंग्रजी अक्षरांत मराठी, ‘दाद्यालासांगूनको’, ‘शेवटचा’, ‘शेवटचा२’, ‘खराशेवटचा’, आणि त्यात ती लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची पण, वेळ एक वाजून बावन्न मिनिटं. मी त्याचा फोटो काढून मामेभावाला पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला.

या फोल्डरमधलं सगळं डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि खऱ्या प्रोग्राम फाइल्समधल्या गेम्स फोल्डरमधलं दुसऱ्या फोल्डरमध्ये. लगेच एकत्र करू नका, एकाच नावाच्या फाइल्स एकमेकांवर बसतील. मोडिफाइडची तारीख बघा, जी नवी ती ठेवा, दुसरीचं नाव बदला.

इथं एक उपकथानक आहे, कारण काही लोकांचा सेव्ह यातल्या कुठल्याच कारणाने गायब नसतो. हा गेम सेव्हच्या फाइलला किती माणसं खेळतायत त्यावरून एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचं शेपूट, देतो, एकटे खेळत असाल तर जीएम१, दोघं असाल तर जीएम२, असं पुढं, आणि कॅम्पेनचं वेगळंच, सीजीएम. लोड गेमला गेल्यावर सिंगल निवडलं तर फक्त जीएम१ वाले दिसतात. हॉटसीटचा डाव मल्टिप्लेअरमध्ये जाऊन हॉटसीट निवडल्यावरच दिसणार. हसू नका, आमच्याकडं एकाने अर्धा तास याच्यात घालवलाय. विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करून ठेवा, म्हणजे कोणती फाइल कशाची ते नावावरूनच कळतं.

आता दुसरा अर्धा भाग, रीइन्स्टॉल करूनही तेच घोळ परत का येतात. सेव्हचं तर कळलं, अनइन्स्टॉलर व्हर्च्युअलस्टोअरला हात लावत नाही, त्यामुळं जुन्या फाइल्स तिथं बसून राहतात आणि त्याच जागी गेम परत टाकला की भुतासारख्या उगवतात. सेटिंगची पण तीच कथा. हा गेम आवाज, स्पीड वगैरे सेटिंग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, लिहितो आणि विंडोज तेही असंच बाजूला ठेवतं, म्हणून नव्या इन्स्टॉलमध्ये म्युझिक पहिल्यापासून शून्यावर, तुम्ही मागच्या वर्षी आईचा फोन आला म्हणून बंद केलं होतं तसंच.

पण खरा चोर म्हणजे कम्पॅटिबिलिटी टॅब. त्या टॅबमध्ये तुम्ही ज्या टिक मारता, विंडोज ९८ मोड, १६ बिट कलर, फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन बंद, ॲडमिन, या गेमच्या फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये कुठंच लिहिल्या जात नाहीत. त्या रजिस्ट्रीत जातात आणि तिथं गेमची ओळख म्हणजे त्याच्या ईएक्सईचा, गेम चालू करणाऱ्या फाइलचा, पूर्ण पत्ता, ड्राइव्ह आणि फोल्डरसकट. तुम्ही गेम काढला, पत्ता तिथंच राहिला. परत त्याच जागी टाकला, पत्ता जुळला, सगळ्या टिक आपोआप लागू. वर आणखी गंमत, टिक मारताना खाली ‘सगळ्या युजरसाठी’ वालं बटण दाबलं असेल तर ते वेगळ्या जागी लिहिलं जातं आणि मग तुमच्या टॅबमध्ये त्या टिक करड्या दिसतात, काढताही येत नाहीत, त्याच बटणाने आत जाऊन काढाव्या लागतात. आणि गेम एकदोनदा विचित्र बंद पडला की विंडोज स्वतःहूनही एखादं फ्लॅग, म्हणजे अशीच एखादी टिक, लावून मोकळं होतं, न विचारता. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही असं तुम्हाला वाटतं, आणि ते खरंही असतं.

त्यामुळं इंटरनेटवर सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला, ‘कम्पॅटिबिलिटी मोड लाव, ॲडमिन म्हणून चालव’, हाच या गेमच्या बाबतीत दुखणं परत परत उकरून काढतो. आज चालतो, पुढच्या मोठ्या विंडोज अपडेटनंतर वेगळाच वागतो, मग अजून एक टिक, मग रीइन्स्टॉल, मग जुन्या टिका नव्या टिकांवर. मी माझ्या मशीनवर रजिस्ट्री उघडून बघितली, करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, ॲपकॉम्पॅटफ्लॅग्ज, लेयर्स या वाटेने, तर या एकाच गेमच्या पाच नोंदी, पाच वेगवेगळ्या पत्त्यांच्या, त्यातले तीन फोल्डर कधीचे गेलेले. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर तिकडं जाऊच नका, पुढं सांगतो तो मार्ग त्यापेक्षा सोपा आहे.

मी आता जसं करतो तसं सांगतो. सेव्ह वर सांगितल्याप्रमाणं बाहेर काढून ठेवायचे. मग गेमच्या सगळ्या ईएक्सईंच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सगळ्या टिक काढायच्या, सगळ्या युजरसाठी वाल्यासुद्धा. मग अनइन्स्टॉल. मग व्हर्च्युअलस्टोअरमधला फक्त या गेमचा फोल्डर डिलीट, अख्खा व्हर्च्युअलस्टोअर नाही, त्यात बाकीच्या जुन्या प्रोग्रामचा माल असू शकतो. आणि आता परत टाकताना प्रोग्राम फाइल्सच्या वाटेला जायचंच नाही, सी ड्राइव्हवर सरळ एक नवा फोल्डर करा, खेळ म्हणा, जुनेगेम म्हणा, काहीही, फक्त नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा कारण इतक्या जुन्या प्रोग्रामना देवनागरी फोल्डर झेपेल याचा भरवसा नाही. डी ड्राइव्ह असेल तर अजून छान. या जागी गेमला लिहायची परवानगी असते, त्यामुळं वॉचमनची भानगडच संपली, ॲडमिन असो नसो सेव्ह एकाच ठिकाणी. आणि पत्ता नवा असल्यामुळं जुनी फ्लॅग्जही चिकटत नाहीत. एका दगडात दोन पक्षी. सेव्ह नव्या गेम्स फोल्डरमध्ये टाका, झालं.

एवढ्याने सेव्हचा प्रश्न मिटतो. अडखळणं आणि काळा स्क्रीन मिटत नाही, कारण ते दुखणं वेगळं आहे.

हा गेम ८०० बाय ६०० आणि १६ बिट कलरसाठी बांधलेला. तोच त्याचा एकमेव साइज, मेनूत रिझोल्युशन नावाची गोष्टच नाही. विंडोज ८ पासून खरा १६ बिट मोड उरलेलाच नाही, विंडोज आतून ३२ बिटमध्येच चालतं आणि जुन्या प्रोग्रामसमोर १६ बिटचं नाटक करतं, प्रत्येक फ्रेमला भाषांतर. पंचवीस वर्षं जुना गेम आजच्या तगड्या लॅपटॉपवर अडखळतो तो यामुळं, ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय म्हणून नाही. तरी एक जण नवीन कार्ड घ्यायला निघाला होता, त्याला थांबवला. तात्पुरता उपाय म्हणजे एफ४ दाबून विंडोमध्ये चालवा, काळ्या स्क्रीनचा त्रास बराच कमी होतो, पण ८०० बाय ६०० ची विंडो आजच्या स्क्रीनवर पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते आणि चाळिशी लागलेल्या माणसाला तेवढ्यात स्केलेटन आणि झॉम्बी वेगळे ओळखू येत नाहीत.

इथंच एक जुना सल्ला फिरत असतो, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करा मग गेम चालू करा. तो सल्ला खोटा नाही पण या गेमचा नाही, तो २५६ रंगांच्या गेम्सचा आहे, पहिला एज ऑफ एम्पायर्स, पहिला स्टारक्राफ्ट वगैरे, ज्यात गवत जांभळं आणि पाणी लाल दिसायचं कारण रंगांच्या पॅलेटवरून गेम आणि एक्सप्लोररची भांडणं व्हायची. हिरोज ३ मध्ये पॅलेटची ती भानगड नाही, त्यामुळं एक्सप्लोरर मारून काही होत नाही, फक्त टास्कबार जातो आणि घरचे घाबरतात.

खरा उपाय एचडी मॉड. चाहत्यांनी केलेला, फुकट, अनेक वर्षं सतत अपडेट होणारा. नाव सारखं असलं तरी २०१५ साली विकायला आलेली एचडी एडिशन म्हणजे हा नव्हे, ते पुढं सांगतो. एचडी मॉड गेमचे नियम बदलत नाही, तो गेमला तुमच्या स्क्रीनच्या पूर्ण साइजमध्ये आणि ३२ बिटमध्ये दाखवतो, १६ बिटच्या नाटकाची गरजच संपवतो. पहिल्यांदा १९२० बाय १०८० मध्ये चालवलं तर नकाशाचा एवढा मोठा तुकडा एकदम दिसला की मला पाच मिनिटं चुकल्यासारखंच वाटलं, लहानपणी जे जंगल अंधारातून चाचपडत पार केलं होतं ते एका नजरेत मावलं. कुणाला ते आवडत नाही, सगळं बारीक दिसतं म्हणून. त्यांनी लाँचरमध्ये स्ट्रेच होणारा ग्राफिक्स मोड घ्यायचा आणि रिझोल्युशन लहान ठेवायचं, म्हणजे चित्र मोठं होतं. डायरेक्टएक्सवाला मोड अडखळला तर ओपनजीएलवाला घेऊन बघा, इंटिग्रेटेड ग्राफिक्स असलेल्या दोन लॅपटॉपवर मला एकावर एक चांगला चालला आणि दुसऱ्यावर दुसरा, यात नियम असा काही सापडला नाही.

मॉड टाकताना तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, अँटिव्हायरस लाँचरची फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो, कारण हा मॉड चालू गेमच्या मेमरीत बदल करतो आणि व्हायरसही तेच करतात. मूळ साइटवरूनच डाउनलोड केला असेल तर त्या एका फोल्डरला सूट द्या, अख्खा अँटिव्हायरस बंद करून ठेवू नका, आणि कुणी पेन ड्राइव्हवर दिलेल्या कॉपीला तर अजिबात सूट देऊ नका. दोन, आधी कुणाच्या सांगण्यावरून गेमच्या फोल्डरमध्ये डीड्रॉ नावाची डीएलएल टाकली असेल तर ती काढा, ती पण तेच काम वेगळ्या पद्धतीने करते, आणि एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या की मेनूमध्येच लटकतं. तीन, विंडोजचं स्केलिंग. लॅपटॉपवर ते बहुतेक १२५ किंवा १५० टक्के असतं आणि मग माउस एकीकडं, क्लिक दुसरीकडं. ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत हाय डीपीआय सेटिंग आहे, तिथं स्केलिंग ॲप्लिकेशनकडं द्या. हो, ही पण त्याच टॅबमधली टिक, मला माहितीये मी वर काय बोललो ते. ही एक चालते, बाकीच्यांना हात लावू नका.

कोणती कॉपी घ्यायची यावरून पण बराच गोंधळ आहे म्हणून थोडक्यात. मूळ गेम आणि पहिलं एक्सपान्शन आर्मगेडन्स ब्लेड दोन्ही १९९९ चे. त्या एक्सपान्शनमध्ये कॉनफ्लक्स हे नववं शहर आणि रँडम मॅप आला, आणि हॉटसीटवाल्यांसाठी तर रँडम मॅप म्हणजे अख्खा गेमच. शॅडो ऑफ डेथ २००० चं, कथेत मागं जाणारं, सँड्रो नावाचा नेक्रोमॅन्सर, म्हणजे मुडदे उठवणारा जादूगार, हिरोंना गोड बोलून त्यांच्याकडून आर्टिफॅक्टचे तुकडे गोळा करून घेतो ते, आणि तुकडे जोडून मोठी वस्तू करायची ही आयडिया पण इथंच आली. हे तिन्ही एकत्र म्हणजे कम्प्लीट, गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर ती मिळते, सेलमध्ये आपल्याकडच्या एका थाळीच्या किमतीत, आणि सीडी ड्राइव्हमध्ये ठेवायची कटकट नाही. स्टीमवरची २०१५ ची एचडी एडिशन दिसायला चकचकीत आहे पण तिच्यात फक्त मूळ गेम आहे, दोन्ही एक्सपान्शन नाहीत, त्यांचा सोर्स कोड मिळाला नाही असं कारण तेव्हा दिलं गेलं होतं. वर सांगितलेला एचडी मॉड तिच्यावर बसत नाही, आणि हॉर्न ऑफ द ॲबिस हे चाहत्यांनी केलेलं मोठं एक्सपान्शनही नाही. ते टाकायचं असेल तर शॅडो ऑफ डेथ किंवा कम्प्लीटच हवं. त्याच्याबरोबर एचडी मॉड येतोच, वेगळा घालायला नको, पण त्यातले सेव्ह आणि साध्या शॅडो ऑफ डेथचे सेव्ह एकमेकांत चालत नाहीत. म्हणून मी अख्खा गेम फोल्डर कॉपी करून दुसऱ्या नावाने ठेवतो आणि ॲबिस त्या कॉपीवर टाकतो. जुना डाव अर्धवट असताना मूळ फोल्डरवर नवीन काही टाकू नका, मग भाऊबीजेला ओवाळणीऐवजी शिव्या मिळतात.

म्युझिक अजिबात येत नसेल, पण तलवारींचे आणि घोड्याचे आवाज येत असतील, तर बहुतेकदा फोल्डर कुठूनतरी कॉपी केलेला असतो. शहरांचं संगीत एमपी३ नावाच्या सबफोल्डरमध्ये साध्या एमपी३ फाइल्स म्हणून असतं, आणि ते वाजवायला गेमच्या फोल्डरमध्ये एमपी३डेक नावाची एक छोटी फाइल लागते. यातलं एक जरी नसेल तर शांतता. दोन हजारच्या सुमारास आपल्याकडं फिरणाऱ्या ‘रिप’ सीड्यांमध्ये जागा वाचवायला म्युझिक आणि व्हिडिओ उडवलेले असायचे, त्यामुळं माझ्या पिढीतल्या अर्ध्या लोकांना नेक्रोपोलिसला संगीत आहे हेच माहीत नाही. मी स्वतः ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिशीत होतो. रात्री हेडफोन लावून फक्त शहराचा स्क्रीन उघडून बसलो होतो, पाळी खेळलीच नाही.

लॅनवर खेळायचं असेल आणि मल्टिप्लेअर दाबल्यावर गेम बंद पडत असेल तर विंडोज फीचर्समध्ये लेगसी कॉम्पोनंट्सच्या आत डायरेक्टप्ले आहे ते चालू करा, या गेमचं नेटवर्क त्याच्यावर चालतं आणि नव्या विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं. आयपीएक्स या जुन्या नेटवर्क पद्धतीचा पर्याय विसरा, तो व्हिस्टापासूनच गेला. लांबच्या लोकांशी खेळायला एचडी मॉडची ऑनलाइन लॉबी यापेक्षा कितीतरी बरी, आमचा एक भाऊ आता दुबईत आहे, तो तिथूनच येतो. मॅकवाल्यांनी कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून ३२ बिट काही चालतच नाही हे धरून चालावं आणि सरळ व्हीसीएमआय बघावं, गेमचं इंजिन नव्याने लिहिलंय ते, डेटा मात्र तुमच्या विकत घेतलेल्या कॉपीचा लागतो. ते अँड्रॉइड फोनवर पण चालतं. त्यातला कॉम्प्युटर खेळाडू मूळ गेमपेक्षा वेगळा खेळतो, मला दोनदा बेसावध पकडलंय.

आता एवढं सगळं करूनही यादी कोरी दिसली तर एकच गोष्ट बघा, गेम नक्की कोणत्या आयकॉनवरून चालू केलात. डेस्कटॉपवर जुन्या इन्स्टॉलचा शॉर्टकट राहिलेला असतो, घरातल्या कुणीतरी टास्कबारला पिन केलेला असतो, आणि जुना फोल्डर डिलीट केला नसेल तर तो गेम मजेत चालू होतो, जुन्या पत्त्यावर, जुन्या टिकांसकट. शॉर्टकटवर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन, नवा फोल्डर उघडला तर ठीक, नाहीतर तो शॉर्टकट उडवा. मागच्या दिवाळीला मामेभावाने हे माझ्याआधी शोधलं, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, आता तोंड भिंतीकडं कर.